मानेतली गळती

"म्हणजे माझा नातू मासा, असं म्हणायचंय काय गो तुला?"

सुगंधामावशींचा हात विळीवर थांबला. हातात खाडीतली बोय होती, अर्धी खवलं काढलेली. मागच्या पडवीत आम्ही तिघी होतो: त्या, त्यांची सून म्हणजे माझी मोठी बहीण हर्षदाताई, आणि मी. ताईच्या पसरलेल्या पायांवर दहा महिन्यांचा आरुष उताणा पडून स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायची खटपट करत होता. माझी चूक एवढीच, की मावशींच्या हातातल्या बोयीचा कल्ला मी बोटाने उचलून दाखवला होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा प्राणिशास्त्र घेऊन नुकतीच बी.एस्सी. झाले होते, आणि आपल्याला कळलेली गोष्ट समोरच्याला पटायलाच हवी असं वाटायचं ते वय होतं. मी सांगत होते की गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना घड्या असतात, माशाच्या गर्भात असतात तशाच. माशात त्यांचे कल्ले होतात. आपल्यात त्यांच्यापासून जबडा, कानातली हाडं, गळ्यातल्या ग्रंथी तयार होतात आणि मधल्या फटी बुजून जातात. क्वचित एखाद्या बाळाची एखादी फट बुजायची राहते. आरुषच्या घशातून मानेच्या डाव्या बाजूला उतरणारी अशी एक दोऱ्याएवढी वाट राहिली असावी, असा कोल्हापूरच्या डॉक्टरांचा अंदाज होता.

"तो एकटाच नाही हो मावशी. तुम्ही-आम्ही सगळेच तसे होतो," मी म्हटलं.

"तू असशील," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी बोयीचं डोकं उडवलं.

हसू दाबायला ताई आरुषवर वाकली, पण ते हसू टिकलं नाही. गुरुवारी त्याला तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचं होतं, आणि त्यावरचं मावशींचं उत्तर सकाळी चहाच्या वेळीच येऊन गेलं होतं. न्यायचं नाही.

तोवर तीनदा झालं होतं. पहिल्यांदा आरुष तीन महिन्यांचा असताना. घरातल्या कुणाचं तरी पडसं त्याला लागलं आणि दोन-तीन दिवसांत मानेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली, लाल आणि गरम. जवळच्या दवाखान्यात चीर देऊन पू काढला, औषधं दिली, गाठ बसली. सगळ्यांना वाटलं, गळू होतं, गेलं. सातव्या महिन्यात पुन्हा सर्दी, पुन्हा त्याच जागी गाठ, पुन्हा चीर. तिसऱ्या वेळी, जूनच्या सुरुवातीला, गाठ बाहेर कमी आणि आत जास्त वाढली. श्वासनलिकेवर दाब आला. आरुष श्वास आत ओढायचा तेव्हा बारीक शीळ वाजायची.

ती शीळ ऐकत आम्ही आंबा घाट चढलो. आडवं केलं की शीळ वाढते म्हणून ताईने त्याला सबंध रस्ता खांद्याशी उभा धरला होता. भाड्याची गाडी रोहिदास भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, स्वतः चालवत होते. शीळ ऐकू येत होती तोवर सगळ्यांना धीर होता. ती मध्येच थांबली की भावोजी वेग कमी करून मागे बघायचे, आणि ताई नुसती मान हलवून सांगायची की आहे, आहे.

कोल्हापूरला त्याला डॉ. शुभांगी बेनाडीकरांनी वाचवलं. लहान मुलांच्या घशाच्या शस्त्रक्रिया हेच त्यांचं काम. बाई बोलायला कमी आणि विचारायला नेमक्या. दर वेळी डावीकडेच येते का? हो. दर वेळी सर्दीनंतरच? हो. मग त्यांनी कागदावर घसा काढून दाखवला. घशाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक बारीक तोंड असणार, तिथून सर्दीचे जंतू मानेत उतरतात. बाहेरून कितीही वेळा चिरलं तरी आतलं तोंड उघडंच राहतं. ते शोधायचं आणि बंद करायचं. पण सूज असताना ती वाट दबून मिटलेली असते, कुठल्याच चित्रात नीट दिसत नाही.

"गाठ आली तर धावत याच," निघताना त्या ताईला म्हणाल्या. "पण मला हा हवाय तो ठणठणीत बरा असताना. दीड-दोन महिन्यांनी. मधे सर्दी झाली, तर पुन्हा पहिल्यापासून."

आणि घोडं अडलं ते इथेच. आजारी माणसाला दवाखान्यात न्यावं हे आमच्या वाडीत कुणालाही पटायचं. बऱ्या माणसाला न्यावं हे कुणालाच नाही. दुखणं गेलं की त्याची आठवणसुद्धा काढायची नाही, त्याने ऐकलं तर मागे फिरतं, असंच मीही लहानपणापासून ऐकत आले होते. मावशींनी आरुषवरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या होत्या, गळ्यात काळा दोरा बांधला होता आणि नारळी पौर्णिमेला त्याच्या नावाने दर्याला एक जादा नारळ द्यायचं कबूल केलं होतं. त्यांच्या मते प्रकरण मिटलं होतं. उगाच दवाखान्याची पायरी चढून ते पुन्हा कशाला उकरायचं?

त्यांच्या शब्दाबाहेर घर नव्हतं. नवऱ्याच्या मागे होडी त्यांच्या नावावर होती, जेटीवरच्या लिलावात बोली त्यांची असायची, आणि भावोजी दर्यावर कुणाला ऐकत नसले तरी घरात आईचं आणि बायकोचं, दोघींचंही ऐकत. त्यामुळे दोघींकडून बोलणी खात.

इकडे दिवस हातातून चालले होते. श्रावणाची सर, मधूनच ऊन, घरोघरी पोरांची नाकं गळत होती. शेजारच्या वत्सलाकाकूंचा नातू आरुषशी खेळायला आला की ताई काहीतरी निमित्त काढून दार लोटून घ्यायची. कुणी शिंकलं की तिचे खांदे आक्रसायचे. रोज सकाळी उठल्याबरोबर ती आधी त्याच्या नाकाखाली बोट फिरवून बघायची, मग मानेला हात लावायची, मग त्याला दूध पाजायची. एक सर्दी, आणि हाती आलेली वेळ गेली असती. आणि पुढच्या गाठीला घाट चढून होईल याची हमी कुणी देत नव्हतं.

त्या दुपारी ताईने पुन्हा विषय काढला. या वेळी ती सून म्हणून नाही, आई म्हणून बोलली. आवाज चढला नाही, पण एकही वाक्य तिने मागे घेतलं नाही. मावशींनी ऐकून घेतलं. मासे धुतले, हात पुसले, आणि मग सांगितलं.

"माझा माणूस बरा होऊन घरी आला होता. जेवत होता, जाळी विणत होता. डागदर म्हणाले, एकदा फिरून दाखवून जा. दाखवायला नेला, तो चार खांद्यांवर परत आला. आता मला कोण काय शिकवू नका."

एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. ते उदाहरण आपल्याच घरातलं असलं तर काय करायचं, हे शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगली उघडीप होती. ताईने भावोजींचा डबा माझ्याकडे दिला. पावसाळ्यासाठी वर ओढून माडाच्या झापांखाली शाकारलेली होडी त्यांनी आठवड्यापूर्वी उघडी केली होती. पौर्णिमेला ती पाण्यात घालायची म्हणून त्यांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा, गणूचा, सगळा दिवस किनाऱ्यावरच जायचा.

मी पोहोचले तेव्हा दोघं जण एक विचित्र काम करत होते. होडी लाकडी ठोकळ्यांवर कोरडी उभी होती, आणि गणू बादल्या भरभरून आणून तिच्या आत पाणी ओतत होता. भावोजी खाली वाकून, जवळजवळ आडवे होऊन, बाहेरून तिचा तळ न्याहाळत होते.

मी विचारलं, धुताय का? गणू म्हणाला, पोहायला शिकवतोय. मग भावोजींनीच सांगितलं की गेल्या हंगामात होडीत कुठूनतरी पाणी येत होतं, ते शोधतायत. मला ते उलटंच वाटलं. पाणी बाहेरून आत येतं, मग आतून ओतून काय कळणार? आणि शोधायचंच होतं तर तेव्हाच, दर्यात असताना, का नाही शोधलं?

"एवढी शिकलीस आणि हे नाय कळत?" गणूला फार आनंद झाला. "दर्यात होडी आतून ओली, बाहेरून ओली. भोक दिसणार कुठून? तिथे नुसतं उपसत बसायचं."

"होडी बरी असेल तेव्हाच भोक सापडतं," भावोजी खालूनच म्हणाले. "कोरडी करायची. बाहेरून पुसून घ्यायची. मग आत पाणी ओतायचं आणि बघत राहायचं. कुठूनतरी एक थेंब बाहेर येतोच. तिथे खूण करायची. ते बघ."

मी वाकले. सुक्या फळ्यांच्या एका सांध्यावर ओलावा धरत होता, आधी डाग, मग रेघ, मग थेंब. भावोजींनी खडूने त्याभोवती गोल काढला. मी त्या गोलाकडे बघतच राहिले. मग मी म्हटलं, "भावोजी, आता जे म्हणालात ते पुन्हा म्हणा."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण मी त्यांना बाहेर यायला लावलं आणि डॉक्टरांनी कागदावर काढलेला घसा वाळूत काठीने काढला. गाठ असते तेव्हा सगळं ओलं असतं, काही दिसत नाही, तेव्हा नुसतं उपसायचं. तीनदा आपण उपसलं. आता तो कोरडा आहे. आता आतून पांढरं औषध पाजायचं, एक्स-रेखाली धरायचं, आणि कुठून बाहेर झिरपतं ते बघायचं. गुरुवारी कोल्हापूरला याहून वेगळं काही करणार नाहीत.

गणूने बादली खाली ठेवली.

"हे त्या डागदरीणबाईने असंच सांगितलं?" मागून आवाज आला. मावशी आल्या होत्या. होडी त्यांची, तेव्हा काम कसं चाललंय हे बघायला त्या दिवसातून एकदा यायच्याच. किती ऐकलं होतं कोण जाणे.

मी खरं ते सांगितलं, की त्यांनी होडीचं नाव घेतलं नव्हतं. सांगितलं हेच होतं, पण मीच ते माशांतून समजावत बसले.

मावशी होडीभोवती एक फेरी मारून आल्या. खडूच्या खुणेपाशी थांबून त्यांनी अंगठ्याने सांधा दाबून बघितला. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि लिलावात उभ्या असल्यासारख्या एकेक विचारत गेल्या. औषध पोटात राहिलं तर? नाही राहत, शीच्या वाटे जातं. चिरणार का? शोधताना नाही. सापडलं तर? तोंडातूनच दुर्बीण घालून बंद करणार, बाहेर चीर नाही. कशाने बंद करणार, होडीला लावतात तशी राळ लावून? विजेचा चटका देऊन, म्हणजे कडा एकमेकींना चिकटतात. आणि नाहीच सापडलं तर?

ते मला माहीत नाही, मी म्हटलं.

"हं," मावशी म्हणाल्या. "नवरा गेला तेव्हा मी घरी होते. मला कुणी नेलं नाय." त्यांनी पदर खोचला. "या वेळी मी येणार. पाणी ओततील तेव्हा मी तिथे उभी पायजे."

गुरुवारी आम्ही पाच जण घाट चढलो. आरुष ताईच्या मांडीवर बसून खिडकीच्या काचेला जीभ लावत होता. नाक कोरडं, मान सपाट, श्वासाला आवाज नाही. जूनमध्ये याच वळणांवर आम्ही कसे होतो तो विषय कुणीच काढला नाही.

एक्स-रेच्या खोलीत एकालाच आत राहता येणार होतं. साहजिकच ताई गेली. शिशाचा जड एप्रन घालून तिने त्याला मांडीवर घेतलं आणि तिथल्या सिस्टरनी दिलेली बाटली त्याच्या तोंडाला लावली. खडूसारख्या त्या औषधाचा पहिला घोट त्याने ताईच्या तोंडावर उडवला. दुसरा एप्रनवर. तिसऱ्यांदा त्याने तोंडच मिटून घेतलं. बाहेर काचेमागे पडद्यापाशी डॉ. बेनाडीकर उभ्या होत्या, आणि मी काय शिकलेय ते विचारून त्यांनी मला शेजारी उभं राहू दिलं होतं. मावशी दाराशी चुळबुळत होत्या. शेवटी त्यांनी पिशवीतून आरुषचं बोंडलं काढलं, ते चोच असलेलं लहानसं पितळी भांडं, आणि डॉक्टरांना सांगितलं की तो परक्या भांड्यातून पीत नाही, आणि यातून पितो तो फक्त माझ्या हातून.

एप्रन ताईच्या अंगावरून मावशींच्या अंगावर गेला. त्यांनी पाय लांब केले, आरुषला त्यावर घेतलं, डोकं किंचित वर, आणि बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्यात लावली. त्याने मुकाट्याने घोट घेतला.

औषध पांढरं, पण पडद्यावर ते काळं उमटत होतं. जिभेवरून मागे, घशात, आणि सरळ खाली. कुठेही थांबलं नाही, कुठेही वळलं नाही. डॉक्टरांनी त्याला कुशीवर घ्यायला सांगितलं. पुन्हा घोट. पुन्हा सरळ खाली. मी डावा कोपरा बघत होते. तिथे काही नव्हतं. ताई पडद्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि मला चेहरा लपवता येईना.

डॉक्टर म्हणाल्या की एवढ्या लहान बाळावर फार वेळ एक्स-रे धरून चालणार नाही. अजून एकदाच बघू. मग त्या काचेशेजारच्या माईकवर वाकल्या.

"आजी, हा फार शांत पितोय. मला तो रडायला हवाय. घोट घशात असताना."

रडताना घसा आतून फुगतो, दाब वाढतो आणि मिटलेली वाट उघडू शकते, हे त्यांनी पुढे सांगितलं. पण मावशी पहिल्या वाक्यालाच दगड झाल्या होत्या. पहिली गाठ आली त्या दिवसापासून त्यांनी आरुषला रडू दिलं नव्हतं. रडला की मानेवर ताण येतो आणि त्यानेच गाठ उठते, अशी त्यांची खात्री होती. त्याचा ओठ मुडपला की त्या हातातलं काम टाकून धावायच्या. ताईने त्याला जरा रडू दिलं तर दोन दिवस तिच्याशी अबोला.

मावशींनी काचेकडे बघितलं. आत उजेड आणि बाहेर अंधार, त्यांना आम्ही दिसत नसणार. त्यांनी त्याच्या तोंडात एक भरपूर घोट जाऊ दिला, आणि बोंडलं काढून घेतलं.

आरुषने आधी विश्वासच ठेवला नाही. तो हसला. मग हात पुढे केला. मावशींनी बोंडलं पाठीमागे धरलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याचा ओठ मुडपला, छाती भरली, आणि त्याने जो टाहो फोडला तो काचेतून इकडे आला.

पडद्यावर त्याचा घसा एखाद्या पिशवीसारखा फुगला. आणि त्या पिशवीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून एक काळी रेघ निघाली. केसाइतकी बारीक. ती जराशी वळली, खाली उतरली, जिथे तीनदा गाठ आली होती तिथवर गेली आणि थांबली.

"ही घ्या," डॉ. बेनाडीकर म्हणाल्या, आणि बटण दाबलं. मग माईकवर, अगदी हळू आवाजात: "सापडली आजी. आता घ्या त्याला जवळ."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो मावशींच्या छातीशी होता, त्या शिशाच्या एप्रनवर डोकं आपटत, रागाने लाल. मावशी त्याला थोपटत एकच म्हणत होत्या: रड बाबा, रड. ताईने माझा दंड धरला होता. तो संध्याकाळपर्यंत दुखत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. आम्ही बाकावर बसलो. भावोजींनी वडापाव आणले, ते कुणी खाल्ले नाहीत. डॉक्टर बाहेर आल्या त्या हातात दोन फोटो घेऊनच. पहिल्यात घशाचा गुलाबी, ओला तळ आणि त्यात एक काळा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. गेल्या सात महिन्यांचं सगळं दुखणं त्या ठिपक्यातून उतरलं होतं. दुसऱ्यात तीच जागा, ठिपक्याच्या ठिकाणी एक पांढुरकी खूण.

मावशींनी दोन्ही फोटो मागून घेतले आणि बराच वेळ आलटून पालटून बघितले. मग विचारलं, "नक्की बंद?"

"मला वाटतं, हो," डॉक्टर म्हणाल्या. "पण खरी परीक्षा पुढच्या सर्दीला. ती येऊ दे, जाऊ दे. मान अशीच राहिली, की जिंकलो."

मग सुरू झाली ती वाट बघण्याची तऱ्हा मी पुन्हा कुठल्या घरात बघितली नाही. जी ताई शिंक ऐकून दार लोटायची, तिला आता दार लोटावं की उघडावं हेच कळेना. आणि आरुष, जो कुणाचंही पडसं उचलायचा, तो कधी नव्हे इतका निरोगी निघाला. पौर्णिमा झाली. दर्याला नारळ गेला, आरुषच्या नावाचा जादा नारळही गेला. होडी पाण्यात उतरली, भावोजी मासेमारीला जाऊ लागले. वत्सलाकाकूंचा नातू शेंबडा होऊन बराही झाला. आरुषला काही नाही. मी शनिवार-रविवार जायचे तेव्हा ताई दारातच मान हलवून सांगायची, अजून नाही.

"मेला मुद्दाम करतो," मावशी म्हणायच्या.

शेवटी गणपतीला मुंबईहून पाहुणे आले आणि सर्दी घेऊन आले. गौरी जेवल्या त्या दिवशी आरुष पहिल्यांदा शिंकला. चुलीपुढून ताई आणि माजघरातून मावशी, दोघी एकदम बाहेर आल्या. संध्याकाळी नाक वाहायला लागलं. दुसऱ्या दिवशी अंगही कोमट झालं. आधीच्या तिन्ही वेळा गाठ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आली होती, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. पाहुणे आरती म्हणत होते, आणि ताईचा हात आरतीच्या ताटाला कमी आणि आरुषच्या मानेला जास्त होता. भावोजी होडीवरून फोन करायचे, हवा कशी आहे ते सांगायचे, आणि मग जरा थांबून विचारायचे. अजून तरी नाही, ताई म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर ओटीवर उजेडात मावशी बसल्या होत्या, पाय पसरून. त्यावर आरुष. नाकातून, डोळ्यांतून, तोंडातून वाहत होता, चिडून रडत होता, आणि मावशी त्याला रडू देत होत्या. ताई बाजूला गुडघ्यांवर बसली होती. मावशींनी त्याची हनुवटी वर केली आणि उजवीकडे वळवली. डाव्या बाजूला चिरांचे जुने व्रण होते. त्यांनी हाताची पालथी बाजू तिथे टेकवली, मग बोटांनी दाबलं, आधी हलकेच, मग जरा जोरात. ताईने दाबून बघितलं. मग मी. शिकलेली म्हणून मी जास्त वेळ घेतला. कातडी थंड होती, मऊ होती, आणि खाली काहीही नव्हतं. नुसती बाळाची मान होती.

ताईने आपला पदर तोंडात कोंबला. मावशींनी मात्र आरुषला उचलून खांद्यावर टाकलं आणि अंगणाच्या कडेला गेल्या. कुंपणापलीकडे वत्सलाकाकू वाळत घातलेल्या जाळ्याचा गुंता सोडवत होत्या.

"वत्सले, आमच्या आरुषला सर्दी झाली," मावशींनी जेटीवर ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. "चांगली सणसणीत झाली. दोन्ही नाकपुड्या बंद हायत."

वत्सलाकाकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सर्दी सांगताना कुणी एवढं हसतं हे त्यांनी कधी पाहिलं नसावं. त्या सावधपणे म्हणाल्या, "आई गो. होईल बरा लवकर."

मावशींनी नातवाचं नाक आपल्या पदराला पुसलं.

"होईल तेव्हा होईल," त्या म्हणाल्या. "काय घाई नाय."